तळटीप : ‘हवा’

लेखकाने ‘हवा’ हा शब्द ती आरंभापासून अशीच होती अशा थाटात वापरला आहे. आज तिच्यात नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के आणि उरलेल्यात बहुतांश आरगॉन. पृथ्वीच्या जवळजवळ निम्म्या आयुष्यात मात्र मोकळा ऑक्सिजन नावालाच होता.

तो बनवला सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे शेवाळासारख्या दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांनी. सुरुवातीला त्यातला बराचसा समुद्रात विरघळलेल्या लोखंडानेच गट्ट केला आणि गंज होऊन तळाशी बसला. गोव्यात डिचोली, सांगे भागातल्या खाणींत तांबड्या-करड्या पट्ट्यांचे दगड दिसतात, ते असल्याच प्राचीन गाळाचे. हवेत ऑक्सिजन साठू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हाच्या बहुतेक जीवांना तो विषच!

यापुढे ‘आदिम हवा’ येईल तिथे वाचकांनी त्याआधीची समजावी.

– संपादक