शह, काटशह आणि प्रतिव्यूह

प्रतिपक्षाची योजना ओळखून तिच्यावर उलट योजना रचणे ह्या क्रियेसाठी मराठीत अनेक शब्द आहेत, आणि ते परस्परांचे पर्याय होत अशी समजूत रूढ आहे. ती कोशकाराला सोयीची असेल; इतिहासलेखकाला व अनुवादकाला मात्र ती घातक ठरते. प्रतिव्यूह, तोड, काटशह, कावा हे शब्द निरनिराळ्या मैदानांतून भाषेत आले असून प्रत्येकाने आपल्या मैदानाचा कायदा बरोबर आणला आहे.

ह्यांतील सर्वांत जुना शब्द प्रतिव्यूह. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणातील सहाव्या अध्यायात व्यूहांचे प्रकार व त्यांवरील प्रतिव्यूह सांगितले आहेत. श्येनास चाप, संजयास विजय अशा जोड्या तेथे लावल्या असून, दुर्जय हा सर्वांवर चालणारा मानला आहे. भीष्मपर्वात युद्धाच्या तिसऱ्या दिवशी भीष्म गरुडव्यूह रचतो; अर्जुन त्याला अर्धचंद्राने उत्तर देतो. दोन्ही रचना उघड्या मैदानावर दिसतात आणि रचनेला रचनेनेच उत्तर मिळते, हे येथे गृहीतच आहे. आज व्यूहरचना हा शब्द निवडणुकीपासून व्यापारापर्यंत कोणत्याही दीर्घ बेताला लावला जातो. मुळात तो रणांगणावर सैन्य उभे करण्याच्या रीतीचा शब्द आहे.

तालमीतल्या शब्दांचा विचार थोडक्यात उरकता येईल. डाव आणि पेच हे शब्द कुस्तीत जवळजवळ जुळे झाले आहेत, आणि डावाला तोड असते. परंतु तोड पकड सोडविते. ती स्वतः होऊन प्रतिस्पर्ध्याला चीत करीतच असे नाही. त्यासाठी पुन्हा स्वतःचा डाव टाकावा लागतो.

काटशहाची गोष्ट ह्याहून वेगळी आणि अधिक अर्थपूर्ण आहे. चतुरंगाचा खेळ भारतातून इराणात गेला आणि शतरंज होऊन परतताना तिकडचे शब्द घेऊन आला. शह म्हणजे मूळचा फारसी ‘शाह’, राजा. मात आणि वजीरही त्याच वाटेने आले. शह बसला असता राजा हलवावा, मध्ये मोहरे घालावे किंवा शह देणारे मोहरेच मारावे, एवढे तीनच उपाय असतात. ह्यांपैकी कोणत्याही उपायाने आपला राजा वाचावा आणि त्याच खेळीने प्रतिपक्षाच्या राजाला शह बसावा, हा काटशह होय. बचाव आणि चढाई ही येथे दोन कृत्ये नसून एकच कृत्य आहे. तोड आणि काटशह ह्यांत जो भेद आहे, तो हाच.

हिंदीतून मराठीत अनुवाद करणाऱ्यास येथे आणखी एक खळगा आहे. हिंदीत ‘शह देना’ म्हणजे बहुधा फूस लावणे, आतून पाठबळ देणे. मराठीत शह देणे म्हणजे कोंडीत पकडणे. अक्षरे तीच ठेवली की वैरी आणि पाठीराखा ह्यांची अदलाबदल होते.

इतिहासात काटशहाचे चोख उदाहरण पाहावयाचे तर ते 1728 च्या पालखेड मोहिमेत सापडते. शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी ह्यांच्यातील वारशाचा तंटा पुढे करून निजामुल्मुल्काने शाहूंची चौथाई अडविली, संभाजींची बाजू घेतली आणि पुढे पुणे प्रांतात फौज घातली. हा शह थेट छत्रपतिपदालाच होता. पहिला बाजीराव पुण्याच्या बचावासाठी धावला असता तर ती फार तर तोड ठरली असती. तो जालन्याकडून खानदेशात, तेथून गुजरातेकडे गेला आणि पुन्हा वळून निजामाच्याच मुलखाला त्याने धाक घातला. निजामाला पुणे सोडून औरंगाबादेकडे परतावे लागले. अवजड तोफखाना मागे राहिला, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पालखेडनजीक दाणापाणी तुटलेल्या जागी तो वेढला गेला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह होऊन शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्याने मान्य केला. पुण्यावरचा शह उठविणारी आणि निजामाला कोंडणारी खेळी एकच होती.

ह्या मोहिमेलाही अनेक लेखक सरसकट गनिमी कावा म्हणतात. वर्णन म्हणून ते अगदीच चूक नाही, पण ढोबळ आहे. गनीम म्हणजे शत्रू. मोगलांच्या फारसी लेखनात मराठ्यांचा उल्लेख ह्याच शब्दाने होतो. शत्रूने दिलेले नाव आपल्या युद्धपद्धतीला भूषण म्हणून लावून घेण्याचा हा प्रकार मोठा मौजेचा खरा! बखरकारांनी रंगविलेल्या पानिपतपूर्व वादातही तोफखान्याच्या आडोशाने लढणे एकीकडे आणि गनिमी लढाई दुसरीकडे, अशी स्पष्ट विभागणी आहे. कावा शब्द तर घोडा वर्तुळाकार फिरविण्याच्या क्रियेवरून आला. कपट हा त्याचा मागाहून जडलेला अर्थ.

‘गेरिला’ ह्या शब्दाशी गनिमीचे ध्वनिसाम्य असल्यामुळे दोहोंचे नाते जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो स्पॅनिश शब्द लहान युद्ध अशा अर्थाचा असून, 1808 पासून स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी झालेल्या झुंजीनंतर तो युरोपभर पसरला. त्याचा रोख युद्धाच्या आकारावर आहे. काव्याचा रोख गतीवर. पालखेडची मोहीम आकाराने लहान नव्हतीच. तिच्यासाठी हिंदी अनुवादक जेव्हा ‘छापामार युद्ध’ लिहितो, तेव्हा छापा तेवढा उरतो. गुजरातेपर्यंत जाऊन परत फिरलेल्या घोड्यांचे ते मोठे वर्तुळ वाक्यातून निघून जाते.