अडीच इंचांचा श्वास

ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गाणाऱ्याचा श्वास जवळपास ऐकूच येत नाही. भोंग्यासमोर खडा आवाज लावावा लागे, कारण त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेघ कोरी. श्वासात तेवढा जोर कुठला? जो काही उतरे तोही तबकडीच्या खरखरीत बुडून जाई. १९२५ साली माइकवर ध्वनिमुद्रण सुरू झालं, माणसं माइकजवळ येऊन हळू आवाजात गाऊ-बोलू लागली आणि श्वास रेकॉर्डवर आला. पण तबकडी कापता येत नव्हती. नको तिथं धाप ऐकू आली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कापता येईल असा आवाज जर्मनीत तयार झाला. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीनं मॅग्नेटोफोन मांडला. चुंबकीय भुकटीचा थर दिलेली प्लॅस्टिकची फीत, तिच्यावर आवाज. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्यातल्या जॅक मलिननं अशी दोन यंत्रं सुटी करून मायदेशी पाठवली. १९४७पासून गायक बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम टेपवरून वाजू लागला. क्रॉस्बीला थेट प्रसारणाच्या जाचातून सुटका हवी होती. कात्री लावायची सोय त्याबरोबर आली.

टेपवर श्वासाला चक्क लांबी असते. सेकंदाला साडेसात इंच वेगानं टेप फिरत असेल, तर तृतीयांश सेकंदाचा श्वास भरतो अडीच इंच. एडिटर दोन्ही स्पूल हातांनी धरून टेप हेडवरून सावकाश मागं-पुढं सरकवायचा. त्या वेगात शब्द गुरगुरतात, श्वास मात्र नुसता घासत जातो. घासणं सुरू होतं तिथं टेपच्या पाठीवर पिवळ्या ग्रीस पेन्सिलीची खूण, संपतं तिथं दुसरी. मग टेप खाचेच्या ठोकळ्यात बसवून ब्लेडनं तिरका छेद. सरळ कापलं तर सांध्यावर ‘टक’ वाजतं. तिरक्या छेदानं एक आवाज दुसऱ्यात मुरतो. पाठीवर चिकटपट्टी लावली की काम झालं. आकाशवाणीच्या स्टुडिओंतही स्पूलच्या काळात ब्लेडच चाले.

खरी अडचण त्यानंतरची. श्वास काढून नुसती टोकं जोडली, तर वाक्यं एकमेकांच्या अंगावर येतात. तेवढ्याच लांबीचा तुकडा भरावा लागतो आणि तिथं कोरी टेप चालत नाही, कारण कुठल्याही खोलीची शांतता कोरी नसते. म्हणून त्याच खोलीतली शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवायची. हाइनरिश ब्योलच्या १९५५च्या एका कथेतला डॉ. मुर्के रेडिओ केंद्रात कापून टाकलेले शांततेचे तुकडेच जमवत असतो. हे काम जवळून पाहिलेल्याला तो विक्षिप्त वाटणार नाही.

पुढं कॉम्प्रेसरनं प्रश्न वाढवला. मोठा आवाज दाबायचा आणि मग सगळ्याचीच पातळी चढवायची, म्हणजे श्वासही वर येणारच. त्यावर नॉइज गेट आलं: ठरावीक पातळीखालचं सगळं बंद. पण श्वास आणि शब्दाचं शेपूट यांतला फरक त्याला कळत नाही. मराठीत तर हे फार जाणवतं. ‘दुःख’ किंवा ‘मेघ’ म्हणताना शेवटी सुटणारी हवा गेटनं खाल्ली, की ‘दुक्क’ आणि ‘मेग’ उरतात.

श्वासाला सूर नसतो, स्वराला असतो. आजची सॉफ्टवेअरं याच फरकाचा माग काढतात. वेव्ह्ज कंपनीचं डीब्रेथ तर आवाज आणि श्वास वेगवेगळे करून देतं. इतकं सोपं झालं म्हणून सगळे श्वास पुसू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं. तासभराच्या श्राव्यपुस्तकात निवेदक एकदाही श्वास घेत नसेल, तर ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरू लागतो. पूर्ण काढण्यापेक्षा सहा ते दहा डेसिबलनं खाली आणलेला श्वास बरा. नव्या परिच्छेदाआधीचा लांब श्वास राहू द्यावा. काढायचा तो वाक्य मध्येच तोडून घाईनं ओढलेला, आणि त्याच्या जागी त्याच खोलीतली शांतता भरायची.