'स्टार वॉर्स'ची संग्राह्य कार्डे : चित्रपटस्मृतीचे एक साधन

प्रस्तावना :
चित्रपटांवरील संग्राह्य कार्डांचा विचार केवळ मुलांचा छंद म्हणून करणे अपुरे ठरते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील 'स्टार वॉर्स'च्या कार्डांच्या आकर्षणाची ऐतिहासिक कारणे तपासली आहेत.

विवेचन :
जॉर्ज ल्युकास दिग्दर्शित हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांमुळे प्रसिद्ध असलेल्या टॉप्स कंपनीने १९७७-७८ मध्ये त्यावर पाच मालिका काढल्या. निळ्या, तांबड्या, पिवळ्या, हिरव्या व नारिंगी किनारींच्या या मालिकांत प्रत्येकी ६६, म्हणजे एकूण ३३० कार्डे व ५५ स्टिकर होते. च्युइंगमच्या बंद पाकिटात कोणती कार्डे निघतील हे आधी कळत नसे. साहजिकच संच पूर्ण करण्यासाठी मुलांमध्ये देवाणघेवाण चाले.

तथापि केवळ या विक्रीतंत्राने आकर्षणाचा उलगडा होत नाही. संपूर्ण चित्रपट घरगुती व्हिडिओवर १९८२ मध्ये आला. केनर कंपनीच्या बाहुल्याही १९७७ च्या नाताळापर्यंत तयार नव्हत्या. तिने त्या पुढे मिळण्याचे प्रमाणपत्रच विकले. ही पोकळी कार्डांनी भरून काढली. दृश्यांची छायाचित्रे क्रमाने मांडून मुलांना पाहिलेली कथा घरी पुन्हा उभी करता येई.

निष्कर्ष :
या कार्डांचे आकर्षण चित्रपटाची स्मृती स्वतःजवळ बाळगण्याच्या इच्छेत होते. आज संग्राहकांच्या बाजारात न हाताळलेल्या कार्डांना अधिक किंमत मिळते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र कोपरे झिजलेली कार्डे अधिक मोलाची वाटावीत. त्या स्मृतीच्या वापराचा पुरावा त्यांच्यावरच उरला आहे.