सू-कन्या आणि तिचे नाव

जनरल चार्ल्स किंग यांची ‘अ डॉटर ऑफ द सू’ ही कादंबरी १९०३ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. तिची चित्रे फ्रेडरिक रेमिंग्टन आणि एडविन विलार्ड डेमिंग यांची आहेत. भाषांतरकाराची नजर मात्र चित्रांआधी नावावरच अडते. ‘सू’ हा शब्द मुळी त्या लोकांचा नव्हे. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी दिलेले नाव फ्रेंचांच्या तोंडी बदलले आणि त्याचे शेपूट तेवढे इंग्रजीत उरले. ते स्वतःला लाकोटा वा डकोटा, म्हणजे स्नेही, म्हणवीत. त्यात ‘इंडियन’ या शब्दाची भर! आपल्याकडे हा शब्द योजणाऱ्याची कुचंबणा निराळी सांगावयास नको.

किंग हे घरात बसून रानाची वर्णने करणारे लेखक नव्हते. वेस्ट पॉइंटमधून १८६६ मध्ये बाहेर पडलेला हा घोडदळाचा अधिकारी १८७४ मध्ये आरिझोनात जखमी झाला आणि १८७६ मध्ये जनरल क्रूक यांच्या मोहिमेत होता. त्याच वर्षी १७ जुलै रोजी वॉरबॉनेट ओढ्याकाठी बफेलो बिल कोडीने एका शायेन योद्ध्यास ठार केले, तेव्हाही किंग तेथे हजर होते. त्या योद्ध्याचे नाव ‘पिवळे केस’ असे होते. भाषांतरात त्याचा ‘पिवळा हात’ झाला, आणि मेलेल्या माणसाची कीर्ती या चुकीच्या नावाने पसरली. दुभाष्याचा प्रमाद इतका दूर पोहोचल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

अनुभवाचे हे बळ कादंबरीत जाणवते. फ्रेन नावाच्या ठाण्यातील घोडदळाचे जीवन लेखकाच्या परिचयाचे आहे. तेथील व्यापाऱ्याच्या घरी आलेली नॅनेट फ्लॉवर ही कथेची सू-कन्या. तिचे रक्त हेच कथेचे रहस्य, आणि रहस्य म्हटले की संशय आलाच. कथा तिच्याकडे ठाण्यातूनच पाहते. १८६८ च्या तहाने ब्लॅक हिल्सचा प्रदेश लाकोटांकडे राहिला होता. १८७४ मध्ये तेथे सोने सापडल्याचा बोभाटा झाला आणि दोन वर्षांत युद्ध पेटले. एवढा इतिहास ध्यानात ठेवला, तर ‘बंडाळी’ कोणाची, हा प्रश्न पडतोच. १८५७ ला काय म्हणावे यावर वाद घातलेल्या आपल्या वाचकाला तो अधिक पडावा.

आणि खरी कन्या? १८७६ मध्ये, म्हणजे त्या मोहिमेच्याच वर्षी, यँक्टन डकोटांत जन्मलेल्या झित्काला-शा यांनी १९०० मध्ये ‘अटलांटिक मंथली’ मासिकात निवासी शाळेतील आपली हकीकत लिहिली. तेथे त्यांचे केस बळजबरीने कापण्यात आले होते. १९०१ मध्ये त्यांचे ‘ओल्ड इंडियन लेजंड्स’ हे पुस्तक आले. त्याची चित्रे एंजल डी कोरा या विनेबागो चित्रकर्तीची आहेत. ‘झित्काला-शा’ म्हणजे लाल पक्षी. हे नाव लेखिकेने स्वतः धारण केले होते. मराठीत आणावयाचे तर हे पुस्तक आधी यावे. किंग यांचे त्यानंतर, आणि चित्रांसह.