अमर्याद वापर योजना

अमर्याद वापर योजना : ठराविक मुदतीसाठी एकच ठराविक रक्कम आकारून ग्राहकाला सेवेचा हवा तेवढा वापर करू देण्याची विक्रीपद्धती. दूरध्वनी, इंटरनेट आणि व्हीपीएन या नावाने ओळखले जाणारे आभासी खाजगी जाल यांच्या जाहिरातींत ‘अमर्याद’ हा शब्द वारंवार आढळतो. तथापि फार मोठा वापर करणाऱ्या ग्राहकाचा वेग कमी करण्याची किंवा त्याची सेवा थांबविण्याची मुभा देणारी अट करारात बहुधा अंतर्भूत असते. या अटीस ‘वाजवी वापर धोरण’ म्हणतात. ही पद्धती इंटरनेटपेक्षा जुनी असून तिचे गुणदोष महाराष्ट्रात शेतीपंपांच्या वीजपुरवठ्यात आधीच प्रत्ययास आले होते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

आर्थिक आधार : सर्व ग्राहक एकाच वेळी पूर्ण क्षमतेने सेवा वापरणार नाहीत, या अपेक्षेवर ही पद्धती उभी असते. अल्प वापर करणाऱ्यांनी भरलेल्या रकमेतून मोठा वापर करणाऱ्यांचा खर्च भागतो. प्रत्येक वापर मोजण्याचा व त्याचे देयक बनविण्याचा खर्च वाचतो आणि ग्राहकालाही आपला खर्च आधी कळतो. मात्र जादा वापरासाठी जादा रक्कम पडत नसल्याने वापर वाढत जातो. सामाईक क्षमता अपुरी पडू लागली, की दर न वाढविता वापरावर आडमार्गाने बंधन घातले जाते.

सातारा-सांगलीतील पूर्वानुभव : सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पातून १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांच्या काठी कराड, वाळवा, शिराळा इ. तालुक्यांत उपसा सिंचनावर ऊसशेती विस्तारली; पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके अवर्षणप्रवण राहिले. १९७०–८० या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने शेतीपंपांसाठी अश्वशक्तीवर आधारित आकारणी सुरू केली. पंप किती तास चालला यावर नव्हे, तर तो किती अश्वशक्तीचा आहे यावर देयक ठरू लागले. दरपत्रकापुरता वापर अमर्याद झाला. बारमाही पाण्याच्या काठावरील ऊस उत्पादकाला या पद्धतीचा लाभ झाला; ज्याची विहीर लवकर आटे, त्यालाही मात्र आकारणी पंपाच्या अश्वशक्तीनुसारच होई.

मर्यादा पुढे तासांच्या रूपाने आली. वीजटंचाईच्या काळात भारनियमन सुरू झाले आणि शेतीपंपांना लागणारा तीन-फेजी पुरवठा दिवसा सुमारे आठ किंवा रात्री सुमारे दहा तास, असा आळीपाळीने मिळू लागला. पुरवठा सुरू होताच सर्व पंप एकदम चालू होत. त्यामुळे दाब उतरे व रोहित्रे जळत. रात्री दारे धरण्यासाठी शेतकऱ्याला सर्पदंशाची व उसातील बिबट्याची जोखीम पत्करावी लागे. अशा रीतीने देयकात न दिसणारी किंमत त्याने झोप व सुरक्षितता गमावून मोजली. दिवसा वीज देण्याच्या हेतूने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखण्यात आली. ज्या कोयनेच्या पाण्यावर वीज निर्माण होते, त्याच्या पश्चिमेकडील वळवणुकीवरही कृष्णा पाणीतंटा लवादाने वार्षिक ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली होती. ही मर्यादा प्रकट व आकड्यांत निश्चित होती, हा भेद महत्त्वाचा आहे.

इंटरनेट व व्हीपीएन : अमेरिका ऑनलाइन या कंपनीने १ डिसेंबर १९९६ पासून मासिक १९·९५ डॉलरमध्ये अमर्याद सेवा देऊ केली. तेव्हा दूरध्वनीमार्ग इतके व्यापले गेले, की पुढील वर्षी तिला अनेक राज्यांशी समझोता करून ग्राहकांना परतावा देण्याचे मान्य करावे लागले. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ साली, वाजवी वापराची मर्यादा व त्यानंतरचा वेग ग्राहकास स्पष्टपणे कळविण्याचा निर्देश दिला. तारेवरील ब्रॉडबँड सेवेचा वेग मर्यादेनंतरही सेकंदाला ५१२ किलोबिटपेक्षा कमी करू नये, असा निर्देश २०१६ मध्ये निघाला.

व्हीपीएनमध्ये ग्राहकाची सर्व माहिती सांकेतिक रूपात कंपनीच्या संगणकामार्फत जाते. त्या संगणकाची वहनक्षमता कंपनीला विकत घ्यावी लागते. त्यामुळे मोठ्या संचिकांची सतत देवघेव करणारे थोडे ग्राहक तिला महाग पडतात. येथे एक वेगळा पेच उद्‌भवतो. ग्राहकाच्या वापराची नोंद ठेवत नसल्याचे अनेक कंपन्या सांगतात. परंतु मोठा वापर करणारा कोण, हे मोजमापाशिवाय ठरविता येत नाही. वापराचे परिमाण मोजणे आणि पाहिलेल्या स्थळांची नोंद ठेवणे या भिन्न गोष्टी असल्या, तरी कशाची मोजणी होते हे ग्राहकास कळणे आवश्यक ठरते.

कायदेशीर स्थिती : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अंमलात आला. त्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे सातारा वा सांगली येथील ग्राहकाला कंपनीच्या शहरी जावे लागत नाही. परदेशी कंपनीविरुद्ध आदेशाची अंमलबजावणी मात्र अवघड असते. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील खुलासा मुख्य दाव्याशी विसंगत असू नये व त्याने महत्त्वाची माहिती दडवू नये. बारीक अक्षरांत मर्यादा सांगून ठळक अक्षरांत ‘अमर्याद’ म्हणणे या कसोटीस उतरणे कठीण आहे.

सामाईक साधनाच्या वापरावर मर्यादा घालणे हे स्वतः अन्यायकारक नव्हे. किंबहुना इतर ग्राहकांच्या दृष्टीने ते पुष्कळदा आवश्यक असते. अन्याय घडतो तो मर्यादा विक्रीच्या वेळी न सांगितल्याने. किती पाणी, किती तास वीज वा किती वेग मिळणार हे आधी ठाऊक असल्यास शेतकरी पीक निवडू शकतो आणि ग्राहक सेवा निवडू शकतो. ‘अमर्याद’ या शब्दाने ही निवडच हिरावून घेतली जाते.