गुणपत्रिका आणि गुरुजी

शिक्षक कसा निवडावा, हा प्रश्न आपल्या शाळांइतकाच जुना आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगासमोर महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या द्रष्ट्या पुरुषाने प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना किमान १२ रुपये वेतन मिळावे, अशी मागणी केली. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, म्हणजे तो लोकांत मोकळेपणाने मिसळेल व त्यांच्या गरजा जाणेल, असा त्यांचा आग्रह होता. पात्रता हवी आणि आपुलकीही हवी, हे त्या मागणीचे सार होय.

पुढे अनेक दशके व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेले तरुण गावोगावी गुरुजी झाले. कालांतराने मॅट्रिक, डी. एड., बी. एड. अशी पात्रतेची पायरी चढत गेली. महाराष्ट्रात २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षा आणि २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली. यामागील हेतू स्तुत्य आहे. ज्याला कोणी वाली नाही, अशा गरिबाच्या लेकरापाशी गुणांवाचून दुसरी शिफारस नसते. मात्र २०१९-२० च्या पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघडकीस आला आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. गुणही विकत घेतले जातात, हे त्यावेळी साऱ्यांना कळून चुकले.

आपणही अंतर्मुख व्हावयास हवे. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालविण्याचा हक्क दिला आहे. या हक्काबरोबर निवडीची जबाबदारीही येते. मुलाखतीच्या आदल्या सायंकाळी धर्मगुरूच्या दारी येऊन, “फादर, आपलाच मुलगा आहे, गुण थोडे कमी आहेत, सांभाळून घ्या,” असे सांगणारे आपल्यातच असतात. त्या एका उपकाराची किंमत वर्गातील मुले वर्षानुवर्षे मोजतात.

संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांनी १६८१ साली, आप्तेष्टांचा रोष पत्करून, रॅंस शहरातील गरीब शिक्षकांना आपल्या घरी राहावयास आणले आणि त्यांना घडविले. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांचा धडा साधा आहे : शिक्षक केवळ निवडावयाचा नसतो, घडवावयाचाही असतो.

म्हणून गुणपत्रिका प्रामाणिकपणे पाहावी. तिच्यापुढे वशिला चालू देऊ नये. त्यानंतर उमेदवाराला वर्गात उभे करावे आणि त्याची नजर शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत पोहोचते का, हे पाहावे.