बालगुन्हेगारी : न्यायालयीन प्रकरणांतील दीर्घकालीन प्रवृत्ती

अल्पवयीन मुलामुलींच्या हातून घडलेल्या कायदाभंगाचा विचार प्रौढांच्या खटल्यांहून वेगळ्या रीतीने करणारे न्यायालय म्हणजे बालन्यायालय होय. जगातील असे पहिले न्यायालय १८९९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे सुरू झाले. भारतात त्यापूर्वी १८५० चा उमेदवारीचा कायदा व १८७६ चा सुधारशाळांचा कायदा (सुधारित १८९७) अस्तित्वात होता. परंतु बाल-अपराध्याची चौकशी सामान्य न्यायालयातच होई. भारतीय तुरुंग समितीने (१९१९–२०) स्वतंत्र बालन्यायालयांची शिफारस केल्यावर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी कायदे केले. मुंबई शहरात बालन्यायालयाचे कार्य १९२७ मध्ये सुरू झाले व त्याच वर्षी चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली.

या न्यायालयांतील प्रकरणांची वाढ वा घट म्हणजे मुलांच्या वर्तनातील वाढ वा घट असे समजण्याकडे सर्वसाधारण कल असतो. तो बव्हंशी चुकीचा आहे. न्यायालयापुढे कोण येणार, हे प्रथम कायदा ठरवितो. मुंबईच्या कायद्याखाली अपराधी मुलांबरोबरच निराधार व भटकणारी मुलेही त्याच न्यायालयापुढे येत. त्यामुळे तेथील एकूण प्रकरणे म्हणजे गुन्हे नव्हेत. शिवाय प्रत्येक प्रांताची वयोमर्यादा वेगळी असल्याने १९८६ पूर्वीच्या अखिल भारतीय बेरजांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. सध्याच्या हिंगोली जिल्ह्यातील साखरा हे गाव घेतले, तर तो प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्याने मुंबईचा १९२४ चा कायदा तेथे लागूच नव्हता. तो १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. अशा ठिकाणची शंभर वर्षांची सलग मालिका मांडता येत नाही.

१९८६ च्या बालन्याय अधिनियमाने मुलासाठी सोळा व मुलीसाठी अठरा वर्षे ही मर्यादा देशभर एक केली. उपेक्षित मुले बालकल्याण मंडळाकडे व अपराधी मुले बालन्यायालयाकडे, अशी विभागणीही त्याने केली. भारतीय दंड संहितेखालील बाल-अपराधांची नोंद १९९४ मध्ये ८,५६१ व २००० मध्ये ९,२६७ होती. ती २००१ मध्ये एकदम १६,५०९ झाली. एका वर्षात मुले एवढी बिघडली नव्हती. २००० च्या अधिनियमाने मुलांचीही मर्यादा अठरा केली व तो १ एप्रिल २००१ पासून अमलात आला. सोळा ते अठरा वर्षांचा मोठा गट त्यामुळे मोजणीत शिरला. पुढील वाढ मात्र केवळ व्याख्येने उलगडत नाही. २०१३ मध्ये हा आकडा ३१,७२५ झाला. पण देशातील एकूण गुन्ह्यांतील बालकांचा वाटा सु. एक टक्क्याच्या आसपासच राहिला. विशेष कायद्यांखालील गुन्हे धरून २०१६ मध्ये ३५,८४९, तर २०२२ मध्ये ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. चोरी हा त्यांतील प्रमुख गुन्ह्यांपैकी एक असून मुलींचे प्रमाण अत्यल्प आहे.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर वय कमी करण्याची मागणी झाली. न्या. वर्मा समितीने ती अमान्य केली. तथापि २०१५ च्या अधिनियमाने (अंमल १५ जानेवारी २०१६) सोळा ते अठरा वर्षांच्या बालकावर निर्घृण अपराधाबद्दल, प्राथमिक मूल्यमापनानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी केली. साहजिकच वयाचा पुरावा निर्णायक ठरतो. प्रथम शाळेचा दाखला, तो नसल्यास नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसल्यास हाडांची तपासणी असा क्रम आहे. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर दरवर्षी गाव सोडणाऱ्या मराठवाड्यातील मुलाजवळ पहिले दोन्ही नसण्याचा संभव अधिक. आणि हाडांच्या तपासणीत वर्षादोन वर्षांची चूक संभवते.